कुळीथ-लिंबाचा राम

मी बोलतोय खरा, पण हा आवाज माझा नाही. माझ्या जातीला आवाज नसतोच. मी चामड्याचं बाहुलं. पडद्यामागे बसून कुणीतरी माझी काठी धरतो, दिवा लावतो आणि स्वतःच्या घशातून मला बोलायला लावतो. तो उठून गेला की मी गप्प, असं जगाला वाटतं. खरी गोष्ट वेगळी आहे. माझ्या तोंडून जो बोलतो त्याचा आवाज हळूहळू माझ्यात मुरत जातो, लोणच्यात मीठ मुरावं तसा. बोलणारा मरतो, आवाज माझ्यात राहतो.

माझं नाव सेरी रामा. तुमच्या ओळखीचाच राम, पण समुद्र ओलांडून मलेशियातल्या केलांतान राज्यात स्थायिक झालेला. तिकडे माझा चेहरा हिरवा, डोक्यावर निमुळता उंच मुकुट, पायाखाली नागाच्या आकाराची होडी. एकच हात हलतो. तिकडच्या कथेत मारुती हा माझा मुलगा आहे. हे ऐकून तुम्ही कानांवर हात ठेवाल, खुशाल ठेवा. मला जे बोलायला लावलं ते मी बोललो.

त्याआधी मी गाय होतो. हे लपवून उपयोग नाही, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. कोटा भारू शहराबाहेर, भातखाचराच्या कडेला, नारळाखाली बांधलेली तांबडी गाय. तिचं हंबरणं अजून माझ्या अगदी तळाशी आहे. ती गेल्यावर तोक अवांग नावाच्या माणसानं तिचं कातडं ताणलं, वाळवलं, खरवडलं आणि बारीक छिन्नीनं त्यातून मला कोरून काढलं. तोक म्हणजे आजोबा, पण तेव्हा तो आजोबा नव्हता, चांगला तगडा गडी होता. तो दलांग होता, म्हणजे सावल्यांच्या खेळाचा सूत्रधार. राम, रावण, सीता, राक्षस, विदूषक, सगळे एकट्याच्या घशातून बोलायचे.

केलांतानची आठवण निघाली की मला आजही भरून येतं. भाताची कापणी झाली की तिथं चंद्रकोरीचे मोठाले पतंग आभाळात चढायचे. त्यांच्या डोक्यावर एक धनुकली बांधलेली असते. ती वाऱ्यात गुणगुणते आणि त्या गुणगुणण्यावर पोरं झोपी जातात. बाजार सगळा बायकांच्या ताब्यात. मिरच्या, मासे, बाटिकची कापडं, जरीची वस्त्रं यांच्या ढिगात त्या ऐसपैस बसलेल्या, आणि भाव करायला गेलेला पुरुष हात हलवत परत. भातालासुद्धा फुलांचा निळा रंग देऊन खातात. एखाद्याच्या अंगणात लग्न असलं की शेजारी आमचा लाकडी मंच उभा राहायचा. पांढरा पडदा, मागे दिवा, ढोल, घंटा आणि सरुनाई, जी तुमच्या सनईची बहीणच शोभेल.

खेळ सुरू करण्याआधी तोक अवांग हळदीचे तांदूळ आणि लाह्या उधळायचा, काहीबाही पुटपुटायचा आणि कुणाकुणाला बोलवायचा. कुणाला ते विचारू नका. ते यायचे, एवढं मी सांगतो. पडद्यापुढे माणसं बसलेली असायची, पण पडद्यामागेच गर्दी जास्त असायची.

पुढे राज्यात असल्या खेळांवर बंधनं आली. आमंत्रणं आटली. वाजवणारे पांगले, तोक अवांगचे दात पडले आणि मी त्याच्या छपराखाली धूळ खात लटकत राहिलो.

२०१३ साली त्याच्या अंगणात मराठी माणसं आली. आशालताबाई रत्नागिरीच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. थोरला प्रमोद ऑकलंडला आयटीत. त्याची बायको विभावरी, मुलगी अनुष्का, तेव्हा पाच वर्षांची. धाकटा सुयश ऑकलंडला शिकायला गेला आणि तिथंच राहिला, पापाकुरा उपनगरात एकटा. आई इकडे, मुलं तिकडे, म्हणून सगळ्यांनी अर्ध्या वाटेवर मलेशियात भेटायचं ठरवलं होतं. उंच इमारती बघून झाल्यावर सुयशच म्हणाला, केलांतानला जाऊ, तिकडे रामायणाचा खेळ करतात.

तोक अवांगनं पाहुण्यांसाठी मला खाली काढलं. सवयीनं हळदीचे तांदूळ टाकले. आशालताबाई थबकल्या.

"अगो बाई, ह्या तर अक्षता!"

मग त्यांनी मला हात लावून बघितलं. एवढं पातळ, एवढं नक्षीदार, आणि मागून दिवा धरला की आरपार उजेड. त्यांनी चक्क मराठीत त्या म्हाताऱ्याला विचारलं, "हे कशाचं केलंय हो?"

काय विचारताहेत ते त्याला कळलं. त्यानं बोटानं माझ्या छातीवर टकटक केलं आणि म्हणाला, "कुलित. कुलित लेम्बू."

"कुळीथ?" आशालताबाईंचे डोळे मोठे झाले. "कुळीथ आणि लिंबू?"

"कुलित लेम्बू," म्हातारा खूश होऊन मान डोलवायला लागला.

झालं! बाईंनी तिथल्या तिथं सुनेला कृतीच सांगितली. कुळीथ रात्रभर भिजत घालायचे, गंधासारखे वाटायचे, लिंबू पिळायचं म्हणजे कीड लागत नाही, पापडासारखं लाटायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. "आपण मेले पिठलं करून ओरपतो. हे लोक देव घडवतात. शीक काहीतरी."

कुलित म्हणजे कातडं आणि लेम्बू म्हणजे गाय. सुयशनं येताना टॅक्सीवाल्याकडून हे सगळं ऐकलं होतं. तो नारळाच्या झाडाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे गदगदायला लागले. त्यानं हळूच प्रमोदला खरं काय ते सांगितलं.

"अरे मग सांग ना तिला," प्रमोद म्हणाला.

"राहू दे रे दादा. बघ ना, किती खूश झालीय. नंतर सांगू."

सुयशनं मला विकत घेतलं. तोक अवांगनं मला कापडात गुंडाळताना कपाळाला लावलं. त्याचा आवाज माझ्यात काठोकाठ भरलेला होता, पण निरोपाचं तो काही बोलला नाही. ऑकलंडच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या बाईंनी विचारलं, हे कशाचं आहे? सुयशनं सरळ सांगितलं, गाईच्या कातड्याचं. त्यांनी मला उलटसुलट करून बघितलं आणि सोडलं. पोरानं सरकारला खरं सांगितलं, आईला नाही.

पापाकुरात त्यानं मला खोलीच्या भिंतीवर टांगलं. एकटा माणूस भिंतीशी बोलतो म्हणतात, तो माझ्याशी बोलायचा. संध्याकाळी ट्रेनमधून उतरून यायचा, हीटर लावायचा, नूडल्स करायचा. आईचा फोन आला की हसून सांगायचा, "ऑल गुड आहे, स्वीट ॲज, हीप्स मित्र आहेत," म्हणजे सगळं मस्त, मित्र ढिगानं. फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघून जे बोलायचा, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. काही दिवस तर असे जायचे, की ऑफिसातलं सोडलं तर तो माझ्याशीच काय ते बोललेला असायचा.

२०१४च्या दिवाळीत आशालताबाई ऑकलंडला आल्या होत्या. प्रमोदच्या फ्लॅट बुश उपनगरातल्या घरी कपडे वाळत घालायच्या स्टँडवर सुयशनं चादर बांधली, मागे दिवा ठेवला आणि मला उचललं. तोक अवांगनंतर पहिल्यांदाच माझी काठी कुणी अशी धरली. काय बोलला तो त्या दिवशी! अस्सल रत्नागिरीचा राम. सीतेला म्हणाला, हरणाच्या मागे धावून माझे गुडघे गेले, तू कोपऱ्यावरच्या डेअरीतून, वाण्याकडून, काय ते घेऊन ये. अनुष्काला हसून हसून उचकी लागली. आशालताबाई "देवाची थट्टा करू नये रे" म्हणाल्या आणि स्वतःच हसत राहिल्या. त्या अंधारात कुणी व्हिडिओ काढला नाही.

२०१५च्या हिवाळ्यात, एका पावसाळी सकाळी सुयश ट्रेन सोडून स्वतःच्या गाडीनं कामावर निघाला आणि मोटरवेवर ती घसरली. तो तिथंच गेला.

त्याची खोली रिकामी करायला प्रमोद आला. जॅकेटं, जँडल्स म्हणतात त्या रबरी चपला, लॅपटॉप आणि मी, सगळं एका खोक्यात. आशालताबाई रत्नागिरीहून पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांनी खोक्यातल्या बाकी कशालाही हात लावला नाही. मला तेवढं उचललं.

"हा माझ्यासमोर घेतला होता त्यानं," त्या म्हणाल्या. "कुळीथ-लिंबाचा राम. शुद्ध आहे. देवघरात ठेवते."

त्या दिवशी स्वयंपाकघरात प्रमोद विभावरीशी कुजबुजत होता, ते मी ऐकलं.

"विभा, ते गाईचं कातडं आहे."

"काय सांगतोस! मग आता?"

"आता काय? कुठल्या तोंडानं सांगू?"

"नकोच सांगायला," विभावरी म्हणाली. "पखवाजाला नसतं का कातडं? देवळात वाजतोच ना?"

"हे आईला पटेल?"

विषय तिथंच मिटला आणि मी देव झालो.

देव होणं ही मोठी शिक्षा आहे हो. एका बाजूला बाळकृष्ण, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, मध्ये मी. कपाळाला कुंकू, गळ्यात हार. तुमच्याकडे देवाला हात जोडतात, हातात धरून नाचवत नाहीत. माझा एकुलता एक हलणारा हात हाराखाली अडकून पडला. आशालताबाई परत गेल्याच नाहीत, मुलाकडेच राहिल्या. रोज दिवेलागणीला त्या सांजवात लावायच्या आणि माझी सावली मागच्या भिंतीवर चढायची. हीट पंपाचा वारा आला की ती हलायची. विभावरीला कधी कधी वाटायचं, कुणीतरी घसा खाकरला. ती हात पुसत यायची, इकडेतिकडे बघायची आणि उगाच टीव्ही लावायची. प्रमोद देवघराकडे पाठ करूनच बसायचा. आशालताबाईंना मात्र भीती वाटली नाही. त्या सावलीकडे बघत बसायच्या.

एकदा त्या मला अगदी हळू म्हणाल्या, "चेहरा दिसतो रे त्याचा. आवाज येत नाही. मला आये म्हणायचा. प्रमोद आई म्हणतो, हा आये म्हणायचा. कसं म्हणायचा, तेच आठवत नाही."

प्रमोदकडे दोन-तीन व्हिडिओ होते. त्यांत सगळे मिळून हॅपी बर्थडे म्हणताहेत, त्या गोंगाटात सुयशचा आवाज वेगळा काढता येत नाही. बाईंनी ते किती वेळा कानाला लावून ऐकले! शेवटी ठेवून दिले.

आणि तो आवाज, अगदी तो आये म्हणण्याचा हेलसुद्धा, माझ्यात होता. बाईंच्या नाकासमोर. कुणी काठी उचलली असती, मागे दिवा धरला असता, तर मी दिला असता. पण मला कोण उचलणार? मी शुद्ध कुळीथ-लिंबाचा राम होतो. रोज नमस्कार घ्यायचा आणि रोज तीच हाक गिळायची, असे दिवस मी वैऱ्यालाही देणार नाही.

२०१८ उजाडलं. अनुष्का दहा वर्षांची झाली. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. तिच्या वर्गात एक मलेशियाची मुलगी होती. शाळेत प्रत्येकानं आपल्या घरातली एक खास वस्तू दाखवायची होती, म्हणून अनुष्का माझा फोटो घेऊन गेली आणि आजीची कुळीथ-लिंबाची गोष्ट सांगून आली. संध्याकाळी बॅग न टाकताच ती देवघरापाशी आली. आशालताबाई वाती वळत होत्या. प्रमोद सोफ्यावर होता.

"आजी, यू नो व्हॉट? लेम्बू मीन्स काऊ."

"लिंबू गं. लिंबू म्हणजे लेमन."

"नो आजी, नॉट लिंबू. लेम्बू. ॲण्ड कुलित इज स्किन. इट्स काऊ स्किन. माझी फ्रेंड म्हणाली."

बाई हसल्या. "बापाला विचार."

अनुष्कानं बापाकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. प्रमोदला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"सुयशनं सांगितलं होतं, आई. तिथंच. तू इतकी खूश झाली होतीस…"

"म्हणजे तो मागे वळून उभा होता तो…" बाईंनी हातातली वात खाली ठेवली. "हसत होता? मला हसत होता?"

"प्रेमानं गं आई."

"हसत होता ना पण. आईला येडी ठरवून गेला."

त्यांनी आरडाओरडा केला नाही. पदरानं माझ्या कपाळाचं कुंकू पुसलं, हार काढला, मला टॉवेलात गुंडाळलं. "फेकू नकोस," त्या प्रमोदला म्हणाल्या, "पण मला दाखवूही नकोस." मग देवघर धुतलं. गाईच्या कातड्याचा विटाळ खरं म्हणजे गोमूत्रानं जायचा, पण ते इथल्या विमानतळावरून कोण येऊ देतं? गंगाजलाच्या चिमुकल्या गडूवर भागवलं. माझ्यातली गाय हे सगळं बघून काय म्हणाली असेल, ते तुम्हीच ठरवा.

मला गॅरेजमध्ये ठेवलं. एका बाजूला लॉनमोअर, दुसऱ्या बाजूला ख्रिसमस ट्रीचं खोकं. थंडी, ओल, पेट्रोलचा वास. भिंतीपलीकडून घर ऐकू यायचं. आशालताबाईंनी सुयशचं नाव घेणं सोडलं होतं. जेवणाच्या वेळी विभावरीचा आवाज यायचा, "आई, दोन घास तरी घ्या," आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. आधी त्यांचा मुलगा गेला, मग त्याचा आवाज गेला, आणि आता त्याची आठवणही बोचायला लागली होती. मला माझी लाज वाटायची. मी काही केलं नव्हतं, तरी वाटायची.

पुढच्या वर्षी, एका रविवारी दुपारी पाऊस पडत होता. अनुष्का टॉग्स, म्हणजे पोहायचे कपडे, शोधायला गॅरेजमध्ये आली आणि तिच्या हाताला टॉवेल लागला. तिनं मला सोडवलं. जरा वेळ बघत राहिली. मग तिनं फोनचा टॉर्च लावून रंगाच्या डब्यावर टेकवला, दिवा बंद केला, आणि माझी काठी धरली. पांढऱ्या भिंतीवर मी पुरा उभा राहिलो. किती वर्षांनी!

त्याच वेळी घरातलं दार उघडलं. आशालताबाई बटाटे न्यायला आल्या होत्या. भिंतीवरची सावली बघून त्या उंबऱ्यातच थांबल्या. परत फिरणार होत्या. मी बघितलं, त्यांचा हात दाराच्या मुठीवर गेला होता.

"काय गो आये, जेवलीस?"

गॅरेजमध्ये तो आवाज घुमला. पुरुषी, थोडा घोगरा, शेवटचं अक्षर लांबवणारा. बाईंचा हात मुठीवरून खाली आला. त्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या.

मग त्यांनी विचारलं, "मला हसलास का रे?"

"हसलो गो."

"का?"

"त्या सबंध वर्षात पहिल्यांदा हसलो होतो."

बाईंनी तोंडात पदर कोंबला. ऑल गुड, स्वीट ॲज, हीप्स मित्र. आईला काय कळायचं ते तेव्हा कळलं. त्या हुंदके देत राहिल्या आणि मध्येच, रडता रडता, म्हणाल्या, "मग हस. हस बाळा. पोटभर हस मला." आणि भिंतीवर माझे खांदे गदगदले. माझे खांदे हलत नाहीत, चामड्याच्या एका तुकड्यात कोरलेले आहेत. तरी हलले.

अनुष्का माझी काठी धरून गोंधळून उभी होती.

"आजी? व्हाय आर यू क्राइंग? आय हॅवन्ट इव्हन स्टार्टेड. मी फक्त लाइट नीट करत होते."

"माहितेय गं," आशालताबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, पोत्याचा आधार घेऊन उठल्या आणि घरात हाक मारली, "विभावरी, काही उरलंय का गं? भूक लागलीय."

आता मी बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी असतो. देवघरात नाही आणि गॅरेजमध्येही नाही. सुयश माझ्यात राहिलेला नाही. मी शोधून बघितलं. तळाशी गाय आहे, तिच्यावर तोक अवांग आहे, त्याच्या वरची जागा रिकामी आहे. त्या दुपारी तो सगळाच्या सगळा निघून गेला. मला वाईट वाटतं. भाडेकरू गेल्यावर घराला वाटत असेल तसं. आशालताबाईंना विचाराल तर त्या सांगतील, आवाज आता आठवतो. अगदी हेलासकट आठवतो.

रविवारी अनुष्का मला हातात घेते. तिचा राम मोडकंतोडकं मराठी बोलतो, ळ म्हणता येत नाही, मध्येच इंग्रजीत घुसतो, आणि आजी पडद्यापुढून ओरडून त्याचे उच्चार सुधारतात. तिचा आवाज माझ्यात मुरायला लागलाय. हे मी तिला सांगत नाही, लहान आहे, घाबरेल.

तुमच्याकडेही गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिला काचेत घालू नका, हार घालू नका. हातात घ्या, वापरा. कुणी बोललं तर बोलू द्या. कुणीच बोललं नाही, तर तुम्ही बोला.

पायांचा आवाज येतोय. अनुष्का चादर बांधतेय, आजी खुर्ची ओढून बसल्या आहेत. मी आता गप्प राहतो. माझी काठी तिच्या हातात आहे, पुढचं तिच्याकडून ऐका.